उसाची नोंद आणि संगणकाचा रकाना

सभासद बंधूंनो, सातबाऱ्यावर ०.४० असते ते ४० आर. म्हणजे आपला एकर, अर्धा गुंठा कमी. संगणकाला हेक्टर-आर कळत नाही, त्याला ठाऊक नुसता 'आकडा'. हेक्टरच्या रकान्यात कुणी ४० टाकले, की देशिंगचा एकरवाला ४० हेक्टरचा बागाईतदार! हसू येते खरे, पण टोळी किती दिवस ठेवायची ते याच नोंदीवरून ठरते.

यावर उपाय आहे. विकतच्या सॉफ्टवेअरमधला मूळ 'आकडा' मोडून बदलू नये असे आम्ही सांगतो. कंपनीची नवी आवृत्ती आली की आपली दुरुस्ती पुसली जाण्याची धास्ती. त्याऐवजी मुळाला हात न लावता त्यावर आपला 'ऊसक्षेत्र' हा पोटप्रकार जोडून घ्यावा. हेक्टर वेगळा, आर वेगळा; आर ९९ च्या वर घ्यायचा नाही, आणि क्षेत्र ५ हेक्टरच्या वर गेले की 'खरे काय?' म्हणून विचारायचे. नियम एकदाच लिहायचा; नोंद, तोडणी चिठ्ठी, बिल, सगळीकडे तोच लागतो.

गट नंबर २१४/२/अ हा तर आकडाच नव्हे, मजकूर. बँकेच्या आयएफएससीच्या ११ अक्षरांत पाचवे शून्य असते. तिथे इंग्रजी 'ओ' पडला की उसाचे बिल अडकले. रकान्यालाच हे शिकवून ठेवले, तर कारकुनाचा हात तिथल्या तिथे अडतो.

नोंदीची पावती मिळाली की आर तेवढे वाचून घ्या.