पुढाऱ्याची वाणी

पुढारी म्हणजे सर्वांच्या पुढे चालणारा, अशी सामान्य समजूत आहे. शुभवर्तमानात मात्र निराळे चित्र दिसते. प्रभु येशूने कमरेस रुमाल बांधून आपल्या शिष्यांचे पाय धुतले. थोरपणाची वाट सेवेतून जाते, हा त्या कृतीचा अर्थ होय. हाच नियम वाणीलाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.

प्रभूने शास्त्र्यांची भाषा योजिली नाही. पेरणी करणारा शेतकरी, हरवलेले मेंढरू, पिठातील खमीर, असे घरचेच दृष्टान्त त्याने दिले. ऐकणाऱ्याच्या पायरीवर उतरून बोलणे, हेही एका अर्थी पाय धुणेच होय.

महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) हाच मार्ग धरिला. त्यांच्या संस्कृत विद्वत्तेवरून १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. परंतु केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी बायबलाचे भाषांतर केले, ते अल्पशिक्षित स्त्रियांस कळावे अशा सोप्या मराठीत. जड शब्द त्यांस येत होते. म्हणूनच ते टाकणे हा खरा त्याग ठरतो.

दुसरे उदाहरण आपल्याच पेण तालुक्यातील आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी गागोदे येथे झाला. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि नव्या कराराचा अभ्यास करून त्यांनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केले. त्यांच्या आईस संस्कृत गीता समजेना, मराठी भाषांतरही कठीण वाटे. तेव्हा तूच सोपी गीता लिही, असे तिने सुचविले. आई निवर्तल्यावर कित्येक वर्षांनी, १९३०–३१ मध्ये, त्यांनी ‘गीताई’ रचिली. १९५१ साली तेलंगणातील पोचमपल्ली येथे त्यांनी भूमिहीनांसाठी शब्द टाकिला आणि एका जमीनदाराने १०० एकर जमीन देऊ केली. हाती ना सत्ता, ना शस्त्र! पुढे तेरा वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. मात्र दानात मिळालेली पुष्कळ जमीन वाटपावाचून राहिली, हेही विसरू नये. शब्दाने दार उघडते; आतले काम हातांनीच करावे लागते.

याकोबाने जिभेला तारवाच्या सुकाणूची उपमा दिली आहे, तर पौलाने बोलण्यास मिठाची जोड सांगितली आहे. मिठागरे आपल्या खाडीकाठास नवी नाहीत. उथळ वाफ्यात पाणी उन्हाने हळूहळू आटते, तेव्हा मीठ हाती येते. बोलण्यापूर्वी विचारही असाच आटवावा. हे खरे आहे काय? ऐकणाऱ्यास कळेल काय? त्याचे हित होईल काय? आणि मीठ अधिक पडले तर अन्न वाया जाते. खरे बोलही बेताने, योग्य वेळीच योजावे.

विद्यार्थिमित्रहो, वर्गनायक झालात तर मागे पडलेल्या सोबत्यास चारचौघांत हिणवू नका. त्याला बाजूस घेऊन समजावा. पालकांसही आमची हीच विनंती आहे. घरात मूल जी भाषा ऐकते, त्याच भाषेत ते उद्या इतरांस वागवील. ज्याच्या शब्दाने दुर्बळास धीर येतो, तोच खरा पुढारी. देव आपणां सर्वांस अशी वाणी देवो.