तुरुंग पत्करला, हमी नाकारली

सविनय कायदेभंग म्हणजे नुसता कायदा मोडणे नव्हे, हे विद्यार्थी मित्रांनी प्रथम ध्यानात घ्यावे. इंग्लंडमधील ग्रीनहॅम कॉमनचे उदाहरण पाहू. नाटो या लष्करी गटाच्या १९७९ च्या निर्णयानुसार तेथील हवाई तळावर ९६ अमेरिकी अण्वस्त्रे यायची होती. सप्टेंबर १९८१ मध्ये कार्डिफहून काही स्त्रिया पायी तेथे आल्या. त्यांनी सरकारकडे जाहीर चर्चा मागितली. ती मिळेना, तेव्हा त्यांनी फाटकापाशीच मुक्काम ठोकला.

१ जानेवारी १९८३ च्या पहाटे ४४ जणी शिड्या लावून आत शिरल्या आणि क्षेपणास्त्रांच्या कोठारांवर फेर धरून नाचल्या. त्यांना अटक झाली. न्यायालय म्हणाले, यापुढे शांतता राखण्याची हमी द्या. ३६ जणींनी हमी नाकारून चौदा दिवसांचा तुरुंग पत्करला. हमी देणे म्हणजे शांतता आपणच मोडली, असे कबूल करणे. आम्ही बँकेत हमीपत्रे नेहमी हाताळतो. एका हमीत माणूस किती बांधला जातो, हे आम्हांस ठाऊक आहे.

क्षेपणास्त्रे १९८३ अखेर आलीच. ती हटली १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारामुळे. शेवटची १९९१ मध्ये गेली. तेव्हा सारे श्रेय या स्त्रियांना देणे आम्हांस अतिशयोक्तीचे वाटते. मात्र क्षेपणास्त्रे गेल्यावरही त्यांची छावणी उठली नाही. ती २००० सालापर्यंत तेथेच होती.