समुद्रगुहा आणि वाटाड्या



कार्ले किंवा वेरूळ येथील लेणीं तुमच्यापैकीं कित्येकांनीं पाहिलीं असतील. तीं मनुष्यानें छिन्नी-हातोड्यानें कोरलीं. आज ज्या गुहांविषयीं मी लिहीत आहें, त्या कोरणारा कारागीर निराळा आहे. त्याच्या हातीं छिन्नी नाहीं, त्याला विश्रांति ठाऊक नाहीं, आणि मुख्य गोष्ट ही कीं, त्याचें काम अजून संपलेलें नाहीं. तो कारागीर म्हणजे समुद्राची लाट. समुद्रगुहा पाहावयास जाणारा मनुष्य, कारागीर काम करीत असतांनाच, त्याच्या कारखान्यांत शिरत असतो. म्हणून तेथें एकट्यानें जाऊं नये, जाणता वाटाड्या बरोबर घ्यावा, असें सांगतात. असें कां सांगतात, हें समजून घेणें हा या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं आपण एकच ठिकाण उदाहरणादाखल घेऊं.

अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोंकास सॅन डिएगो शहर आहे. त्या शहराचाच किनाऱ्यावरील एक भाग म्हणजे ला होया. येथील कड्याच्या पायथ्याशीं सात समुद्रगुहा आहेत. कड्याचा दगड वाळूच्या थरांपासून बनलेला असून तो सुमारें साडेसात कोटि वर्षांचा जुना आहे. सात गुहांपैकीं 'सनी जिम' या एकाच गुहेंत जमिनीवरून उतरतां येतें. त्यासाठीं गुस्टाव्ह शुल्ट्झ नांवाच्या जर्मन गृहस्थानें १९०२-०३ सालीं कड्यांतून एक भुयार खणवून घेतलें. त्याला सुमारें १४५ पायऱ्या आहेत. बाकीच्या गुहा पाहावयाच्या, तर समुद्रानेंच गेलें पाहिजे. कोणी कयाक नांवाच्या निमुळत्या होडींतून जातो, कोणी उभ्यानें वल्हवावयाच्या फळीवरून, म्हणजे पॅडलबोर्डवरून, जातो. आणि मध्यें थांबून, तोंडांत नळी धरून, पाण्यावर पालथें तरंगत तळाची शोभा पाहतो. या शेवटच्या प्रकारास स्नॉर्केलिंग म्हणतात.

गुहा कशी होते?

एक घनमीटर समुद्राचें पाणी सुमारें १,०२५ किलोग्रॅम भरतें. अशीं शेंकडों घनमीटर पाणी घेऊन लाट कड्यावर आदळते, आणि हें दिवसांतून हजारों वेळां घडतें. तथापि नुसत्या धक्क्यानें गुहा होत नाहीं. दगडांत जेथें भेग असते, तेथें लाट आंतील हवेला कोंडून दाबते. लाट मागें सरली कीं ती दबलेली हवा एकदम फुगते. या दाबण्या-फुगण्यानें भेग रुंदावते, दगडाचे तुकडे सुटतात. मग लाट तेच तुकडे व वाळू उचलून पुन्हां भिंतीवर घांसते. याप्रमाणें दगडाचाच दगडावर उपयोग करून लाट आपलें काम करते. जेथें खडक दुबळा, तेथें गुहा. जेथें तो बळकट, तेथें दोन गुहांमधील भिंत.

परंतु सर्व किनाऱ्यावर लाटेचा जोर सारखा नसतो. कवायतींत मुलांची ओळ वळवितांना एका टोंकाचीं मुलें हळू चालतात व दुसऱ्या टोंकाचीं झपाझप पावलें टाकतात, त्यामुळें सबंध ओळ फिरते, हें तुम्हीं पाहिलें आहे. लाटेचेंही तसेंच आहे. उथळ पाण्यांत ती मंदावते, खोल पाण्यांत वेगानें जाते, म्हणून तळाच्या चढउताराप्रमाणें ती वळते. ला होयाच्या किनाऱ्याजवळच समुद्राच्या तळाशीं एक खोल दरी आहे. दरीच्या माथ्याशीं लाटांची शक्ति दोहों बाजूंस पांगते. म्हणून तेथील वाळूच्या किनाऱ्यावर बहुधा लहान लाटा असतात, आणि सहलीचे लोक तेथूनच पाण्यांत उतरतात. बाजूच्या किनाऱ्यावर तीच शक्ति एकवटते. ही गोष्ट वॉल्टर मंक व मेल्व्हिन ट्रेलर यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत याच किनाऱ्याचें उदाहरण देऊन मांडली. यावरून पहिला धडा मिळतो तो हा: ज्या ठिकाणीं तुम्ही उभे आहांत तेथील पाणी शांत आहे, म्हणून पलीकडच्या कड्याशींही तें शांत असेलच असें नाहीं.

निरभ्र आकाश आणि मोठी लाट

दुसरी गोष्ट याहून विलक्षण आहे. आकाश स्वच्छ आहे, वारा पडला आहे, आणि तरीही समुद्रांत मोठ्या लाटा येत आहेत, असें पुष्कळदां होतें. या लाटा येथल्या नसतात. हजारों किलोमीटरांवर कोठें तरी वादळ झालेलें असतें. तें केव्हांच शमलेलें असतें, पण त्यानें उठविलेल्या लाटा अजून वाटेंत असतात. १९६३ सालीं याच मंक यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रांत उठलेल्या लाटांचा माग पॅसिफिक महासागर ओलांडून थेट अलास्कापर्यंत काढला. ते ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञानसंस्थेंत काम करीत असत. ही संस्था १९०३ सालीं स्थापन झाली.

येथें थोडें गणित करूं. खोल समुद्रांत ज्या लाटांमध्यें २० सेकंदांचें अंतर असतें, त्यांचा तांडा ताशीं सुमारें ५६ किलोमीटर वेगानें जातो. ज्यांत १० सेकंदांचें अंतर, त्यांचा वेग निम्मा, म्हणजे २८ किलोमीटर. वादळ ८,००० किलोमीटर दूर झालें असेल, तर पहिल्या लाटा सुमारें सहा दिवसांनीं पोंचतील व दुसऱ्या बारा दिवसांनीं. आकाशाकडे पाहून समुद्राची परीक्षा करणारा मनुष्य म्हणूनच फसतो.

शिवाय लाटा सारख्या उंचीच्या येत नाहींत. कांहीं वेळ लहान, मग चार-सहा मोठ्या, पुन्हां लहान, असा क्रम असतो. पेटीचे दोन सूर किंचित् विसंवादी असले म्हणजे आवाज कमी-अधिक होत राहतो. त्याचेंच हें भावंड. समजा, समुद्रांत लाटांच्या दोन मालिका एकाच वेळीं येत आहेत. एकीचें अंतर १४ सेकंद व दुसरीचें १५. दोन्ही मालिकांचे माथे एकदां जुळले, कीं पुन्हां केव्हां जुळतील? १४ व १५ यांचा लघुतम साधारण विभाज्य २१०. म्हणजे साडेतीन मिनिटांनीं. जुळतील तेव्हां लाट मोठी, विरुद्ध पडतील तेव्हां लहान. खऱ्या समुद्रांत अशा अनेक मालिका मिसळलेल्या असल्यामुळें हिशेब इतका सरळ राहत नाहीं. पण तत्त्व हेंच. जो पाहुणा एकच मिनिट समुद्र पाहून 'शांत आहे' म्हणतो व गुहेंत शिरतो, तो साडेतीन मिनिटांपैकीं चांगलें मिनिट पाहून निघालेला असतो.

साधनें

उभ्यानें वल्हवावयाची फळी सुमारें तीन मीटर लांब असते. वल्हें मनुष्याच्या उंचीहून वीतभर अधिक. फळीला बांधलेल्या दोरीचें दुसरें टोंक घोट्याला अडकवितात, म्हणजे मनुष्य पडला तरी फळी त्याला सोडून जात नाहीं. अंगांत तरंगणारें जाकीट हवेंच. ला होयाचें पाणी उन्हाळ्यांतही २० अंश सेल्सियसच्या आसपास व हिवाळ्यांत १४ अंशांच्या जवळ असतें. म्हणून अंगास चिकटून बसणारा रबरी पोशाख घालतात. त्या रबरांत हवेचे असंख्य बारीक बुडबुडे असतात, ते अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहींत.

स्नॉर्केलची नळी हातभरही लांब नसते. ती एक मीटर लांब केली तर अधिक खोल जातां येईल, असें तुम्हांला वाटेल. पण एक मीटर खोलीवर पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम अधिक होतो. हजार चौरस सेंटिमीटरांवर तो १०० किलोग्रॅम झाला. एवढें ओझें उचलून छाती फुगविणें स्नायूंच्या शक्तीबाहेरचें आहे. शिवाय लांब नळींत आपलाच सोडलेला श्वास सांचून राहतो व तोच पुन्हां आंत येतो. डोळ्यांपुढें कांच व कांचेमागें हवा असल्यामुळें पाण्यांत स्पष्ट दिसतें. मात्र प्रकाशकिरण वांकत असल्यामुळें वस्तु खऱ्या अंतराच्या पाऊणपट जवळ भासते. हात लांब करून खडक धरावयास जाणाऱ्याची फजिती होते ती यामुळेंच.

या कांचेंतून काय दिसतें? पाण्याच्या हेलकाव्याबरोबर डुलणारें हिरवें समुद्रगवत, आणि त्यांत केशरी रंगाचा गॅरिबाल्डी मासा. १९९५ पासून हा कॅलिफोर्नियाचा सागरी राज्यमासा आहे, व त्याला पकडण्यास बंदी आहे. उन्हाळ्यांत अंगावर ठिपके असलेल्या बिबट्या मुशी उथळ पाण्यांत जमतात; त्यांत बहुतेक गाभण माद्या असतात, व त्या मनुष्यास इजा करीत नाहींत. गुहांजवळच्या खडकांवर समुद्रसिंह पहुडलेले असतात. त्यांच्याजवळ जाऊं नये. येथील समुद्र १९७१ पासून राखीव आहे. तेथून शिंपलाही उचलावयाचा नाहीं.

वाटाड्याचें काम

आतां वाटाड्या काय करतो, तें सहज समजेल. आपल्याकडे मचव्यावर जी जबाबदारी तांडेलाची, तीच येथें वाटाड्याची. निघण्यापूर्वींच त्यानें भरती-ओहोटीचें कोष्टक पाहिलेलें असतें. ला होयाला दिवसांतून सामान्यतः दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, पण दोन्ही भरत्या सारख्या उंच नसतात. म्हणून कालचा अनुभव आज उपयोगी पडेलच असें नाहीं. गुहांचीं तोंडें उत्तरेकडे आहेत, तेव्हां हिवाळ्यांत वायव्येकडून येणाऱ्या लाटांचा मार त्यांना अधिक बसतो, हेंही तो जाणतो.

गुहेच्या तोंडाशीं आल्यावर तो मंडळींना बाहेरच थांबवितो. नवख्यांना वाटतें, हा उगीच वेळ घालवीत आहे. वास्तविक तो लाटा मोजीत असतो. मोठ्या लाटांचा एक तांडा येऊन गेला, कीं मधल्या शांत वेळांत तो एकेकाला आंत नेतो. उभें राहूं नका, फळीवर गुडघे टेका, असें तो सांगतो. कारण आंत लाट आली कीं पाणी वर चढतें, छत मात्र जेथल्या तेथेंच राहतें. पाठ नेहमीं भिंतीकडे, तोंड समुद्राकडे. आणि कित्येक दिवशीं, पैसे भरून दूरवरून आलेल्या पाहुण्यांना तो गुहेच्या दारांतून सांगतो, 'आज नाहीं,' आणि सर्वांना परत नेतो. माझ्या मतें त्याच्या साऱ्या विद्येचें सार या दोन शब्दांत आहे.

एक कबुली

हें सर्व मी पुस्तकांतून शिकलों, पण उशिरां शिकलों. वीस वर्षांपूर्वीं, मी नवा शिक्षक असतांना, बावीस मुलांना घेऊन कोंकणच्या एका किनाऱ्यावर सहलीस गेलों होतों. सकाळीं आठच्या सुमारास ओहोटीच्या वाळूवरून चालत आम्ही एका भूशिराला वळसा घातला व पलीकडच्या कपारींत बसलों. जागा सावलीची होती. मुलांना लाट खडक कसा कोरते तें मी समजावून सांगूं लागलों. मला वाटतें, तो धडा चांगला चालला होता. कारण कोणाचेंच लक्ष मागें गेलें नाहीं. दीड-दोन तासांनीं वर खडकावरून कोणी तरी ओरडलें. पाहतों, तों आलेल्या वाटेवर कंबरभर पाणी.

तो एक म्हातारा कोळी होता. त्यानें वरून दोर सोडला, स्वतः पाण्यांत उतरला, आणि एकेक मूल त्या दोराला धरून पलीकडे गेलें. एका लहान मुलाचा हात सुटला. म्हाताऱ्यानें त्याला सदऱ्याला धरून वर काढलें. शेवटीं मी आलों. तो रागावला नाहीं. एवढेंच म्हणाला, "मास्तर, आज अवस. अवसेला दुपारच्या बाराला भरती. आमचं पोर पण सांगेल. कुणाला इचारलं कां नाय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. अमावास्येला उधाणाची भरती येते, हें मी वर्गांत दरवर्षीं शिकवीत होतों.

पालकांस एक विनंति. आज आपल्या मालवण-तारकर्लीकडेही स्नॉर्केलिंगची सोय आहे, आणि मुलें तेथें जाण्याचा हट्ट धरतात. त्यांना अवश्य पाठवा. समुद्र पाहिल्यावांचून भूगोल पुरा होत नाहीं. पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा: बरोबर स्थानिक जाणता वाटाड्या कोण आहे? त्या दिवशीं भरती किती वाजतां आहे? आणि समुद्र बरा नसला, तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार? शिक्षकाला असे प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास दाखविणें होय, असें मानूं नका. मलाही विचारा. त्या दिवशीं निघण्यापूर्वीं कोणी तरी मला ते विचारावयास हवे होते.