हातचें शुभेच्छापत्र : ठसा व रंगीत पेन्सिली

नाताळ व नवें वर्ष जवळ येऊं लागलें म्हणजे शहरांतल्या दुकानांत छापील शुभेच्छापत्रें टांगलेलीं दिसतात. आणि हल्लीं तर हातांतल्या फोनवरून, बोट लावल्याबरोबर, शंभर जणांस एकच चित्र पाठवितां येतें. मग खेड्यांतल्या मुलानें बटाटा कोरून व पेन्सिल झिजवून एकच पत्र दोन दिवस करीत कां बसावें? हा प्रश्न वाजवी आहे. त्याचें उत्तर ह्या पाठांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे, व उत्तराबरोबर कृतिही सांगणार आहों. कारण गांवोगांवच्या आमच्या शिक्षकबंधुभगिनींस शब्बाथशाळेंतील मुलांकडून हें काम करवून घेतां आलें पाहिजे.

१. दोन तऱ्हेचीं पत्रें

नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा उगम इ. स. १८४३ मध्यें लंडन शहरीं झाला. हेन्री कोल ह्या गृहस्थास सणाच्या दिवसांत इतकीं पत्रें येत कीं, त्यांस उत्तरें लिहिण्यास त्यास सवड होईना. त्यानें जॉन कॉलकॉट हॉर्स्ली ह्या चित्रकाराकडून एक चित्र काढविलें, त्याच्या सुमारें १००० प्रती छापविल्या व त्यांत हातानें रंग भरविले. एका प्रतीची किंमत एक शिलिंग होती. ती त्या काळच्या मजुरास परवडण्याजोगी नव्हती. चित्राच्या मध्यभागीं एक कुटुंब मेजवानीस बसलेलें असून, दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचे देखावे होते. मधल्या चित्रांत लहान मुलाच्या ओठीं द्राक्षारसाचा प्याला लाविलेला पाहून मद्यनिषेधक मंडळीनें फार नापसंती दाखविली.

ह्यावरून एवढें कळतें कीं, छापील पत्र हें वेळ वाचविण्यासाठीं निघालें. वेळ वाचविणें हें पाप नव्हे. ज्यास दोनशें लोकांस कुशल कळवावयाचें आहे, त्यानें छापील पत्र खुशाल घ्यावें, किंवा फोनवरून चित्र पाठवावें. परंतु ज्याच्यासाठीं वेळ खर्चावा असें एखादें माणूस मनांत आहे, त्यास वेळ वाचवून केलेली वस्तु पाठविण्यांत काय अर्थ?

दुसरी तऱ्हा पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांतील उपाशी व आजारी मुलांच्या साह्यासाठीं १९४६ सालीं युनिसेफ ही संस्था स्थापन झाली. चेकोस्लोव्हाकिया देशांतील एका खेड्यांत तिची मदत पोहोंचली, तेव्हां यित्का सामकोवा नांवाच्या सात वर्षांच्या मुलीनें उपकार मानण्यासाठीं एक चित्र काढलें. कागद मिळेना, म्हणून तिनें तें कांचेवर रंगविलें. उंच खांबाभोंवतीं मुली आनंदानें नाचत आहेत, असें तें चित्र आहे. तेंच १९४९ सालीं युनिसेफचें पहिलें शुभेच्छापत्र झालें. तिनें तें विकण्यासाठीं काढलें नव्हतें. तिला कांहीं सांगावयाचें होतें, आणि जी सामग्री हाताशीं होती तिनें तिनें तें सांगितलें.

पौल प्रेषितही आपलीं पत्रें दुसऱ्याकडून लिहवून घेत असे. रोमकरांस पत्र लिहिणारा तर्तियस स्वतःचें नांव सांगतो. परंतु करिंथकरांस, कलस्सैकरांस व थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रांच्या शेवटीं पौल सलाम मात्र आपल्या हातानें लिहितो, आणि ही आपली खूण होय असें कळवितो. मजकूर परक्या हाताचा चालला. सलाम परक्या हाताचा चालेना. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा.

२. आमच्या जिल्ह्यांतील निशाणी

ठसा ही वस्तु आमच्या लोकांस नवी नाहीं. अक्षरशत्रु कुणबी दस्तऐवजावर सहीच्या जागीं नांगर काढीत असे व बायकांची निशाणी बांगडीची असे. पुढें शाईचा अंगठा आला. ह्या निशाण्यांनीं आमच्या पूर्वजांस किती बांधून टाकिलें, हें अहमदनगर जिल्ह्यास सांगावयास नको. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें रयतेनें सावकारांच्या घरांतील कर्जरोखे काढून जाळले, आणि तो वणवा लौकरच पारनेर, श्रीगोंदें ह्या आमच्याकडील तालुक्यांत पसरला. लोकांनीं ज्यावर हात टाकिला ते मुख्यतः कागद होते, कारण त्या कागदांवर त्यांची निशाणी होती. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांस साह्य करणारा कायदा झाला, व कर्जाचा मूळ हिशेब उकरून पाहण्याची मुभा न्यायाधीशांस मिळाली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं १ जुलै रोजीं हिंदुस्थानांत पाव आण्याचें पोस्टकार्ड निघालें.

ह्या सर्व गोष्टी शुभेच्छापत्राच्या पाठांत कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर हें कीं, आजही कित्येक घरांतली आजी अंगठा उठविते, आणि अंगठा म्हटला कीं तिला भीति वाटते. तिच्याच अंगठ्यास गेरू लावून कागदावर पांच ठसे वाटोळे उमटवावे. त्यांचें फूल होतें. नातवानें त्यास हिरव्या पेन्सिलीनें देठ काढावा. ज्या बाईनें जन्मभर घेण्यादेण्याच्या कागदांवरच निशाणी केली, तिनें एकदां तरी प्रीतीच्या कागदावर ती करावी.

३. पत्र कोणास पाठवावें

पाथर्डी, शेवगांव, जामखेड ह्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारों माणसें ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक कोयता धरितात, मुकादमाकडून उचल घेतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या आसपास पाचटाच्या कोप्या घालून राहतात. लेकरें कोणी बरोबर नेतात, कोणी आजीपाशीं ठेवितात. म्हणून नाताळच्या दिवशीं अनेक खेड्यांतल्या उपासनेस म्हातारीं व मुलेंच अधिक दिसतात. अशा मुलाचें पहिलें पत्र त्याच्या आईबापास जावें. शिक्षकांनीं वर्गांतील अशा मुलांची नांवें आधीं काढावीं. आईस वाचतां येत नसेल तर अडचण मानूं नये. चित्र वाचण्यास शाळा लागत नाहीं. दाराजवळची शेळी, व्यालेली म्हैस, नवें दप्तर, ह्या बातम्या चित्रानें चांगल्या कळतात. आणि तें पत्र कोपीच्या कुडास खोंचून ठेवितां येतें.

चित्र कशाचें असावें? बर्फाचीं झाडें ज्यांनीं पाहिलीं त्यांनीं तीं काढावीं. आमच्याकडे त्या दिवसांत रब्बीची ज्वारी उभी असते, हरभऱ्यास घाटे धरूं लागतात व बोरीं पिकतात. मुलांनीं तींच काढावीं. आईस तींच पाहावयाचीं असतात.

४. कृति

कागद : साधा चित्रकलेचा जाड कागद घ्यावा. ए-४ मापाचे १६ ताव मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून २०० जीएसएमचा एक ताव साडेबारा ग्रॅम भरतो, आणि अर्ध्या तावाचें दुमडलेलें पत्र सव्वासहा ग्रॅम. हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा, कारण टपालहंशील वजनावर ठरतें. घडी घालतांना चमच्याची पाठ दाबून फिरवावी, म्हणजे घडी सरळ बसते.

ठसा : मध्यम आकाराचा घट्ट बटाटा एकाच घावांत दुभागावा, सुरी दोनदां फिरविली तर तोंड सपाट येत नाहीं व ठसा मध्येंच कोरा राहतो. कापलेलें तोंड फडक्यावर पालथें ठेवून पाणी टिपूं द्यावें, नाहीं तर रंग पातळ होऊन पसरतो. मग पेनानें आकृति काढून तिच्या बाहेरचा भाग पाव इंच खोल कोरून टाकावा. सुरीचें काम मोठ्या माणसानें करावें. बटाट्याचा ठसा एक दिवस टिकतो, दुसऱ्या दिवशीं सुरकुततो. तो टिकाऊ पाहिजे असल्यास पेन्सिल खोडण्याच्या रबरावर कोरावा. ज्यास कोरणें साधत नाहीं, त्यानें भेंडी आडवी चिरावी. तिचें पांच पाकळ्यांचें फूल देवानेंच कोरून ठेविलें आहे. कांद्याची चकती व पिंपळपानाची शिरांची बाजू हींही चांगलीं उमटतात.

अक्षर कोरावयाचें असल्यास एक गोष्ट विसरूं नये. ठशावरील अक्षर उलटें असेल तेव्हांच कागदावर सुलटें येतें. पातळ कागदावर अक्षर लिहून, कागद पालथा करून, उजेडाशीं धरून मागून गिरवावें, म्हणजे उलटें रूप मिळतें. परंतु आमची सूचना अशी कीं, ठशानें चित्र करावें आणि मजकूर हातानेंच लिहावा.

रंग : दुकानचा रंग नसला तरी अडत नाहीं. काजळी बाभळीच्या डिंकाच्या पाण्यांत खलली म्हणजे काळी शाई होते. गेरू त्याच पाण्यांत कालविला म्हणजे तांबडा रंग होतो. हे दोन्ही उन्हानें उडत नाहींत. हळदीचा पिवळा प्रथम सुरेख दिसतो, पण उजेडानें फिका पडतो, व चुन्याचा किंवा साबणाचा हात लागला तर तांबूस होतो. म्हणून पुष्कळ दिवस ठेवावयाच्या पत्रास तो वापरूं नये. रंग दाट असावा. बशींत फडक्याची चौपदरी घडी ठेवून तिजवर तो ओतावा, तिच्यावर ठसा हलकेच टेकावा, एकदां रद्दी कागदावर उमटवून पाहावा, आणि मग पत्रावर सरळ दाबून सरळ उचलावा.

पेन्सिली : ठसा पुरा वाळल्यावरच पेन्सिल हातीं घ्यावी. रंगीत पेन्सिलींत रंगाबरोबर मेण असतें, व मेणावर पाण्याचा रंग धरत नाहीं. म्हणून पेन्सिल आधीं व ठसा मागून असा क्रम चालत नाहीं. प्रथम हलक्या हातानें, एकाच दिशेनें रेघा माराव्या, फिका रंग आधीं व गडद मागून. पिवळ्यावर निळी फिरविली कीं हिरवा होतो. म्हणजे पांचसहा पेन्सिलींत वर्गाचें काम भागतें. आरंभींच जोर दिला तर मेणाचा थर गुळगुळीत होऊन वरचा रंग धरीत नाहीं. पेन्सिल जमिनीवर पाडूं देऊं नये; आंतली कांडी लांकडांतच मोडते, आणि मग कितीही तासली तरी टोंक गळून पडतें.

५. पत्ता

पत्र सुंदर झालें पण पोहोंचलें नाहीं तर श्रम फुकट. ऊसतोडीची टोळी फडाफडानें हलते, म्हणून आधीं फोन करून मुक्काम विचारावा. पत्त्यांत आईबापाचें नांव, मुकादमाचें नांव, कारखान्याचें नांव, गांव, तालुका, जिल्हा व पिनकोड इतकें स्पष्ट लिहावें. मुक्काम पक्का कळत नसेल तर तिकडे जाणाऱ्या विश्वासू माणसाच्या हातीं द्यावें.

पिनकोड १९७२ च्या १५ ऑगस्टपासून सुरू झाला. त्याचे सहा अंक असतात. पहिला अंक विभागाचा, व शेवटचे तीन त्या त्या टपालकचेरीचे. आपल्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तरी अंक बदलले नाहींत. परंतु सर्व जिल्ह्याचे अंक एकाच तऱ्हेचे आहेत असें समजूं नये : नगर शहराचा ४१४००१, श्रीरामपूरचा ४१३७०९, तर संगमनेरचा ४२२६०५. पत्रावर बिया, मणी किंवा कांड्या चिकटवूं नयेत; टपालाची मोहोर पडतांना त्या फुटून कागद फाटतो. हंशील टपालकचेरींत विचारूनच तिकीट लावावें, म्हणजे पत्र घेणाऱ्यास दंड पडत नाहीं.

६. उपसंहार

वाचकहो, हें काम लहान आहे. ह्यानें कोणाची उचल फिटत नाहीं, कीं कोणाचा हंगाम लौकर संपत नाहीं. परंतु चार महिने ज्या बाईच्या हातीं कोयत्याशिवाय कांहीं आलें नाहीं, तिच्या हातीं आपल्या लेकराच्या हातचें कांहीं यावें, एवढें मात्र ह्यानें होतें. आणि तेवढें करणें आपल्या हातांत आहे. डिसेंबरच्या आरंभींच कामास लागावें, कारण पत्रास वाटेंत दिवस लागतात.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. पहिलें छापील शुभेच्छापत्र कोणत्या अडचणीमुळें निघालें?
२. पौलानें पत्राचा कोणता भाग आपल्या हातानें लिहिला, व कां?
३. ठशावर ‘क’ हें अक्षर कसें कोरावें? काढून दाखवा.
४. ठसा आधीं व पेन्सिल मागून, असें कां?
५. आपल्या गांवांतून ह्या वर्षीं कोण बाहेरगांवीं गेलें आहे? त्यांपैकीं ज्यास कोणाचेंच पत्र जाणार नाहीं, त्यास कोण लिहील?