फुप्फुस म्हणजे नुसता फुगा नव्हे

वर्गात श्वसन शिकवताना आपण फुगा दाखवतो. फुगतो, सोडला की आकसतो, मुलांना पटतं. पण तिथेच थांबू नका. फुप्फुस आकसतं ते फक्त त्यातल्या लवचीक तंतूंमुळे नाही.

१९२९ साली कुर्ट फॉन नेरगार्ड यांनी फुप्फुसं एकदा हवेने आणि एकदा द्रवाने फुगवून पाहिली. द्रवाने फुगवायला कितीतरी कमी दाब लागला! तंतू तेच, मग फरक कशाचा? वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो. आत हवा असली की या थराचा पृष्ठताण वायुकोशाला आत खेचतो. द्रव भरला की हवा-पाण्याची सीमाच उरत नाही, ताणही जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त खेच या ओल्या थराचीच.

त्यात बुडबुडा जितका लहान, तितका त्याला उघडा ठेवायला लागणारा दाब जास्त. मग आपले इवलेसे वायुकोश मिटत का नाहीत? तर फुप्फुसातल्या पेशी साबणासारखं काम करणारा एक पदार्थ स्रवतात, सर्फॅक्टंट. श्वास सोडताना वायुकोश लहान होतो, तसा तो पृष्ठभागावर दाटतो आणि ताण आणखी कमी करतो.

एका मुलीने विचारलं, "सर, माझा भाऊ सातव्या महिन्यात झाला, त्याला श्वास का घेता येत नव्हता?" उत्तर यातच आहे. कमी दिवसांच्या बाळात सर्फॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं, हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवलं. वायुकोश मिटतात, बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतका जड जातो. आता ते सर्फॅक्टंट नळीने थेट फुप्फुसात देता येतं.