वाफेचा उपद्रव आणि शेजाऱ्याचा हक्क

कच्चा कांदा किंवा लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद आहे. कांदा हलाल आहे. मनाई आहे ती त्याच्या दर्पाने शेजारच्या नमाजीला होणाऱ्या त्रासामुळे. मग ई-सिगारेटची वाफ चारचौघांत सोडणे कसे योग्य ठरेल?

‘हा धूर नव्हे, वाफ आहे,’ असे काही तरुण म्हणतात. परंतु ती निव्वळ पाण्याची वाफ नसते. तिच्यात बहुधा निकोटीन आणि सूक्ष्म कण असतात. न्यूयॉर्क शहराच्या परिषदेने २०१३ मध्येच उपाहारगृहे, कार्यालये आदी ठिकाणची धूम्रपानबंदी ई-सिगारेटलाही लागू केली. भारताने २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक व जाहिरात यांवर देशभर बंदी घातली. विक्रेत्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ओढणाऱ्यासाठी मात्र त्यात वेगळी शिक्षा नाही.

खरी कसोटी येथेच लागते. स्वतःचे वा दुसऱ्याचे नुकसान करू नये, हा शरीअतचा नियम दंडाच्या रकमेवर अवलंबून नाही. मातापित्यांनो, मुलाच्या दप्तरात असे साधन आढळले तर त्याला चारचौघांत अपमानित करू नका. जवळ बसवा, समजवा, व्यसन जडले असल्यास डॉक्टरांकडे न्या. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, हे त्याला तुमच्या मायेतून कळू द्या.