गोलफरक काय सांगतो?

सामना १–० असा जिंका की ५–० असा, गुण ३च मिळतात. विजय केवढा, हे गोलफरकावरून कळते. केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा केले की गोलफरक मिळतो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१५-१६चा हंगाम पाहा. प्रत्येक संघाचे सामने ३८.

लेस्टर सिटी : ६८ − ३६ = +३२; गुण ८१
टॉटनहॅम : ६९ − ३५ = +३४; गुण ७०

गोलफरक जवळजवळ सारखा, तरी गुणांत ११चे अंतर! लेस्टरने २३ सामने जिंकले, टॉटनहॅमने १९. लेस्टरचे पुष्कळ विजय एकाच गोलाचे होते. अशा सामन्यात चेंडूची एक उसळीही निकाल फिरवू शकते. म्हणून गुणांतील आघाडीत दैवाचाही वाटा असतो.

पुढच्या, २०१६-१७च्या हंगामात विजेता लेस्टर −१५ गोलफरकासह बाराव्या स्थानी घसरला. टॉटनहॅम +६० मिळवून दुसरा आला. अर्थात एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही. लेस्टरचा आधारस्तंभ एन्गोलो कान्तेही मधल्या काळात संघ सोडून गेला होता.

तुमच्या शाळेच्या संघाचा असा तक्ता करा. एखादाच ६–० असा विजय वगळला, तर गोलफरक किती उरतो? स्वतःच पडताळून पाहा.